पेटी नाही, तबला नाही... मग डोळ्यांत पाणी का?

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे थोडं आईचं, थोडं शाळेतल्या सेकंड लँग्वेजचं आणि उरलेलं हॉस्टेलच्या मेसमधलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती. विषय मात्र मनापासून निवडलाय.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. सबमिशनचा आठवडा होता. रात्री नऊच्या सुमारास लाईट गेली आणि नेमका जनरेटरही रुसला. त्याच वेळी आमच्या मजल्यावरच्या एका फर्स्ट इयरच्या मुलीला घरून फोन आला. तिची आजी गेली होती. गाव विदर्भात, पहिली गाडी पहाटे साडेपाचची. म्हणजे आठ तास नुसतं बसून काढायचे. खोलीत उकडत होतं म्हणून आम्ही चौघी तिला घेऊन जिन्यात बसलो. 'रडू नकोस' म्हणणं खोटं वाटत होतं आणि 'रड' असंही कुणाला सांगता येत नाही. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ती नुसती भिंतीकडे बघत बसली होती. कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं, ते दोन मिनिटांत आपणच बंद केलं.

बऱ्याच वेळाने माझ्या रूममेटने उगाचच एक 'आ' लावला. मी शाळेतल्या सवयीने त्याच्या वरचा एक सूर धरला. तिसरीने अजून वरचा. शब्द नाहीत, चाल नाही, ताल नाही. तीन सूर एकावर एक ठेवलेले, बस. आधी जरा खरखरीत वाटलं, मग सरकत सरकत ते सूर एका जागी बसले आणि अख्खा जिना घुमायला लागला. दगडासारखी बसलेली ती मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. आणि तिच्याबरोबर आम्हीसुद्धा! माझी स्वतःची आजी तर ठणठणीत आहे, मग मी का रडले?

सकाळी रूममेटला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, इमोशनल झालो, बाकी काय!" ती मेकॅनिकलची आहे, तिला एवढं उत्तर पुरतं. मी पडले इलेक्ट्रॉनिक्सची. आउटपुट दिसलं की इनपुट आणि मधला ब्लॉक डायग्राम शोधल्याशिवाय चैन पडत नाही. तर मित्रांनो, गेले काही महिने मी त्या ब्लॉक डायग्रामच्या मागे होते. जे सापडलं ते इथे मांडते. बघा पटतंय का.

आधी नावाची भानगड

कुठल्याही वाद्याशिवाय गाण्याला 'आ कापेला' म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ 'चॅपलच्या पद्धतीने'. रोमच्या सिस्टीन चॅपलमध्ये वाद्यं न वापरता गायची परंपरा होती. सोळाव्या शतकात पालेस्त्रीनासारख्या संगीतकारांनी केवळ गळ्यांसाठी अशी रचना केली की आजही जगभरचे क्वायर ती गातात.

आपल्याकडचं समूहगान आणि हे यात एक मोठा फरक आहे. आपण प्रार्थना म्हणतो तेव्हा सगळे एकच चाल गातात. क्वायरमध्ये मात्र साधारण चार गट असतात. बायकांचे वरचे आवाज सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे वरचे टेनर, खालचे बास. चौघांच्या चाली वेगळ्या, पण एकाच वेळी गायच्या. त्या एकमेकींत बसतात तेव्हा जे तयार होतं ती हार्मनी.

मी शाळेच्या क्वायरमध्ये आल्टो होते. आल्टो म्हणजे रेल्वेतली मधली बर्थ! वरची मजा नाही, खालची सोय नाही. सोप्रानोकडे खरी चाल असते, लोक तीच गुणगुणत घरी जातात. आल्टोची ओळ एकटी गायली तर गाणं ओळखूसुद्धा येत नाही. मी घरी प्रॅक्टिस करायचे तेव्हा आई विचारायची, "हे गाणं आहे की नुसतं हूं हूं?" आमच्या सिस्टर मात्र म्हणायच्या की आल्टो गप्प बसल्या तर कुणाला कळणार नाही काय गेलं, पण काहीतरी गेलं हे सगळ्यांना कळेल. तेव्हा मला ती समजूत घालणं वाटायचं. ते खरं होतं, हे आता आकड्यांत दाखवते.

दोनशे, अडीचशे, तीनशे

फर्स्ट इयरचं फिझिक्स आठवा. कुठलाही सूर एकटा नसतो. २०० हर्ट्झचा सूर लावला की त्याबरोबर ४००, ६००, ८००, १००० असे त्याच्या पटीतले सूरही बारीक आवाजात वाजत असतात. हे हार्मोनिक्स. पुढे एम-थ्रीमध्ये फूरिए साहेबांनी आपल्याला याचसाठी छळलं.

आता समजा माझ्या रूममेटचा 'सा' २०० हर्ट्झचा आहे. त्याच्याशी जुळणारा शुद्ध 'ग' २५० वर आणि 'प' ३०० वर येतो. प्रमाण ४:५:६. रूममेटच्या 'सा'चा पाचवा हार्मोनिक १०००, माझ्या 'ग'चा चौथा हार्मोनिक १०००. दोघी वेगळं गातोय, तरी वरती एका जागी आम्ही एकमेकींना भेटतो. तसंच 'सा'चा तिसरा ६०० आणि 'प'चा दुसराही ६००. म्हणजे हे तीन सूर आतून एकमेकांत विणलेले असतात.

हा 'ग' कुणा पाश्चात्त्याने शोधलेला नाही बरं का. तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो म्हणजे षड्जाचा हाच पाचवा हार्मोनिक. रोमच्या चॅपलमधला गायक आणि मिरजेच्या तंबोऱ्यापाशी बसलेला गायक, दोघं एकाच गंधाराच्या शोधात असतात. एकाला तो शेजाऱ्याच्या गळ्यात सापडतो, दुसऱ्याला तारेत.

मग पेटीवर किंवा कीबोर्डवर हे का होत नाही? कारण कीबोर्डवर सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या २ च्या बाराव्या मुळाइतकी, म्हणजे १.०५९५ पट. ही सोय आहे, कुठल्याही पट्टीतून गाता येतं. पण त्या हिशोबाने 'ग' येतो जवळपास २५२ वर. तुम्ही म्हणाल, दोन हर्ट्झने काय बिघडतं? तर बघा, २५२ चा चौथा हार्मोनिक १००८. शेजारी 'सा'चा १०००. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला आठ बीट्स. ती एक बारीकशी थरथर असते, ट्यूबलाईट खराब होताना लुकलुकते तशी. आपल्याला तिची इतकी सवय झालेली असते की ती बंद होईपर्यंत ती होती हेच कळत नाही. जुन्या गवयांना हे कळत होतं. १९४० पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे मींड निघत नाही याबरोबरच पेटीचे हे 'सरकलेले' सूर हाही आक्षेप होता.

गळ्याला पट्ट्या नसतात. सोबत पेटी नसली की गाणारे एकमेकांचं ऐकत नकळत २५२ वरून २५० कडे सरकतात. थरथर मंदावते आणि एका क्षणी थांबते. त्या रात्री सूर 'बसले' असं मला वाटलं ते हेच असणार. आमच्या कुणाच्या डोक्यात गणित नव्हतं. कानाला खरखर नको होती, एवढंच.

अजून एक गंमत. २००, २५० आणि ३०० चा मसावि काढा. ५०! तिन्ही लहरी सेकंदाला पन्नास वेळा पुन्हा एका रेषेत येतात. त्यामुळे कुणीही गात नसलेला, दोन सप्तकं खालचा एक सूर खाली घुमत असल्यासारखा कानाला वाटू शकतो. आपला मेंदू हार्मोनिक्स ऐकून त्यांचा पाया स्वतःच भरून काढतो. अमेरिकेत चौघांनी मिळून गायचा बार्बरशॉप नावाचा प्रकार आहे, त्याची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात आहेत. त्यांच्यात सूर असा बसला की 'रिंग' झाली असं म्हणतात, आणि खोलीत कुणीतरी पाचवा गातोय असा भास होतो. आमच्या जिन्यात चौथं कोण गात होतं, याचं उत्तर मला हे वाटतं. ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या विजेचीच फ्रिक्वेन्सी. वीज गेली होती, पन्नास हर्ट्झ आम्ही आणले!

आवाज मोठा म्हणून?

काहींना वाटतं की क्वायर अंगावर येतो तो आवाजाच्या ताकदीमुळे. हे पण तपासू. चाळीस जण गायले तर आवाज एकाच्या चाळीसपट मोठा ऐकू यायला हवा, नाही का? पण प्रत्येकाच्या लहरीचा फेज वेगळा असतो, म्हणून पॉवरची बेरीज होते. १० लॉग ४० म्हणजे १६ डेसिबल. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. या हिशोबाने चाळीस माणसं एका माणसाच्या जेमतेम तिप्पट मोठी ऐकू येतात. त्यापेक्षा गॅदरिंगच्या डीजेचा एक बॉक्स पुरे. पण डीजेला कुणी रडल्याचं मी तरी पाहिलं नाही, साउंडवाल्याचं बिल भरणारा जी.एस. सोडून.

मग फरक कुठे पडतो? चाळीस जणांचे सूर अगदी तंतोतंत एक नसतात. केसाएवढे पुढेमागे असतात, शब्द क्षणभर आगेमागे येतात. त्या बारीक फरकांतून तो मऊ, मखमली आवाज तयार होतो. आपल्या कीबोर्डवर 'कोरस' नावाचं बटण असतं, ते याचीच नक्कल करतं. त्यात माणसाचा आवाज हा कानाला सगळ्यात ओळखीचा सिग्नल. व्हायोलिन कितीही गोड असलं तरी ती वस्तू आहे. क्वायरमध्ये समोर असतात फक्त माणसं.

इंग्लंडमध्ये १५७० च्या सुमारास थॉमस टॅलिस नावाच्या संगीतकाराने चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी एक रचना केली. चाळीस जण आणि चाळीसही जणांची ओळ वेगळी. २००१ मध्ये जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावतीने ती प्रत्येक गायकाला वेगळा माइक देऊन रेकॉर्ड केली आणि चाळीस स्पीकर गोलात उभे केले. एका स्पीकरला कान लावला की एकच साधा माणूस ऐकू येतो, श्वास घेणारा, कदाचित किंचित चुकणारा. चार पावलं मागे मध्यभागी आलं की तो माणूस नाहीसा होतो आणि समुद्र ऐकू येतो. ते चाळीस स्पीकर म्हणजे अख्ख्या क्वायरचा ब्लॉक डायग्रामच!

आणि जिन्याचा वाटा विसरून चालणार नाही. सिव्हिलवाल्यांना साबिनचं सूत्र माहीत असेल: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान भागिले शोषण. आमच्या जिन्याचं आकारमान ३०० घनमीटर आणि खिडक्या धरून शोषण २० चौरस मीटर धरलं, तर सुमारे २.४ सेकंद येतात. गाद्या, पडदे, वाळत घातलेले कपडे अशा आमच्या खोलीत याच्या पाव भागही नसेल. म्हणजे आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन बसतो. दगडी चर्चमध्ये हाच काळ अजून मोठा, म्हणून तिथली गाणी संथ.

आधार नसला की काय होतं

आता जरा उलटी बाजू. वाद्य नसल्याचा तोटाही आहे. क्वायर हळूहळू पट्टी सोडतो. आम्ही शाळेत गाणं सुरू करायचो एका पट्टीत आणि संपवायचो खाली. सिस्टर शेवटी पियानोची एक पट्टी दाबायच्या आणि आमच्याकडे नुसतं बघायच्या. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट!

मला वाटायचं हा आमचा आळशीपणा. काही अंशी असेलही. पण सोळाव्या शतकातच इटलीच्या बेनेदेत्ती नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की प्रत्येक वेळी शेजाऱ्याशी अगदी शुद्ध जुळवून घेत गेलं तर काही स्वरांच्या साखळ्यांत पट्टी सरकणं अटळ असतं. एका फेरीत ८१ भागिले ८० एवढा फरक. पाच फेऱ्यांत तो अर्ध्या स्वराच्या वर जातो. गाणाऱ्यांपुढे मग दोनच रस्ते उरतात. पट्टी सांभाळायची तर शेजाऱ्याशी थोडं खोटं बोलायचं, नाहीतर एकमेकांशी खरं राहायचं आणि सगळ्यांनी मिळून सरकायचं. चांगला क्वायर क्षणोक्षणी या दोन्हींमधून वाट काढत असतो. मला वाटतं ऐकणाऱ्याला जी ओढ जाणवते तिचा एक भाग हा आहे. समोरची माणसं एकमेकांना धरून चालताहेत आणि हात सुटू शकतो, हे आपल्याला कळत असतं.

श्वास आणि काळीज

सूर लांबवायचा म्हणजे श्वास हळू सोडावा लागतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात होतच असतं. एकत्र गाणारे साधारण एकाच वेळी श्वास घेतात आणि सोडतात. २०१३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहोफ आणि सहकाऱ्यांनी गाणाऱ्या मुलांच्या ठोक्यांची मोजणी केली. एकत्र, संथ गाताना त्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी वर आणि खाली जात होती. ती मुलं अठरा वर्षांची होती, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरचीच. 'काळजाला काळीज भेटणं' आपण म्हणतो, त्याचा ग्राफ निघतो तर!

आणि अंगावरचा काटा? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये केलेल्या प्रयोगात असं दिसलं की संगीत ऐकताना असा काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन सुटतं. विशेष म्हणजे तो क्षण येण्याआधी, त्याची वाट बघतानाही ते सुटतं. हार्मनीत ही वाट बघायला लावायची खास सोय आहे. 'सा' आणि 'प' चालू असताना तिसऱ्याने 'ग' ऐवजी 'म' धरून ठेवायचा. 'म' आणि 'प' एकमेकांना घासतात, कानाला कळतं की हे इथे थांबणार नाही. मग 'म' हळूच उतरून 'ग' वर येतो आणि छातीतलं काहीतरी सुटतं. हा उतरणारा सूर बहुतेक वेळा कुणाकडे असतो? मधल्या बर्थकडे! सिस्टर, तुमचं खरं होतं.

दुसरी एक हॉस्टेल

इथपर्यंत सगळं फिझिक्स आणि बायॉलॉजी झालं. पण मला सगळ्यात हलवून गेलेली माहिती हॉस्टेलचीच आहे. आपली नव्हे, दक्षिण आफ्रिकेतली.

तिथे १९१३ च्या कायद्याने काळ्या लोकांना देशाच्या बहुतेक जमिनीवर हक्कच उरला नाही. झुलू पुरुष गाव सोडून खाणींत आणि कारखान्यांत कामाला गेले. बायकामुलांना सोबत न्यायची परवानगी नसायची. राहायला पुरुषांची हॉस्टेलं, एका खोलीत दाटीवाटीने कॉट. या खोल्यांत गाण्याचा एक प्रकार वाढला, 'इसिकाथामिया'. वाद्य नाही. एक जण पुढे गातो आणि मागे खालच्या पट्टीतल्या भरदार आवाजांची भिंत. नावाचा अर्थ पावलांचा आवाज न करता चालणं असा आहे, आणि नाचही तसाच, चवड्यांवर. पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून पाय जपून टाकायचे, असं जुने गायक सांगत. शनिवारी रात्री हॉस्टेलांच्या स्पर्धा सुरू व्हायच्या त्या उजाडेपर्यंत चालायच्या. गाण्यांत असायचं घर, बायको, मुलं, गुरं, मागे राहिलेलं सगळं.

यातलं एक गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. सॉलोमन लिंडा याने १९३९ मध्ये 'मबूबे' रेकॉर्ड केलं. झुलू भाषेत त्याचा अर्थ सिंह. पुढे अमेरिकेत त्याचंच नवं रूप गाजलं आणि १९९४ च्या 'द लायन किंग' मधून ते आपल्या घराघरांत आलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या मुलींना २००६ मध्ये तडजोडीने हक्काचे पैसे मिळाले. याच परंपरेतला 'लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो' हा गट जोसेफ शाबालाला यांनी १९६० च्या सुमारास उभा केला. १९८६ मध्ये पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड' मुळे तो जगाला माहीत झाला, आणि १९९३ मध्ये नेल्सन मंडेला नोबेल घ्यायला ओस्लोला गेले तेव्हा हा गट त्यांच्यासोबत होता.

विचार करा, ज्या माणसांकडून जमीन, घर, कुटुंब सगळं काढून घेतलं, त्यांच्याकडे उरलं होतं काय? गळा, आणि शेजारच्या कॉटवरच्या माणसाचा गळा. आपली होमसिकनेस त्यांच्यापुढे काहीच नाही. दिवाळीची सुट्टी आपल्याला मिळतेच. तरी हॉस्टेलच्या जिन्यात रात्री गाणं का सुचतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

बँड हरला त्याची गोष्ट

दुसरी गोष्ट युरोपातल्या एस्टोनियाची. देश एवढासा, लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढीही नाही. पण १८६९ पासून तिथे गाण्याचे मोठे उत्सव होतात आणि हजारो लोक एकत्र गातात. दुसऱ्या महायुद्धानंतर देश सोव्हिएत राजवटीखाली गेला. गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये मायभूमीवरच्या एका जुन्या कवितेला चाल लावली होती. तिला लोक मनातल्या मनात राष्ट्रगीत मानायला लागले, म्हणून सरकारला ती नकोशी झाली. १९६९ मध्ये उत्सवाला शंभर वर्षं झाली तेव्हा गायकांनी ती पुन्हा पुन्हा गायला सुरुवात केली. स्टेज सोडायचा हुकूम झाला, कुणी हललं नाही. आवाज दडपायला लष्करी बँड वाजवायला सांगितलं. पण हजारो गळ्यांपुढे बँडचं काय चालणार? अखेर खुद्द एर्नेसाक्सनाच स्टेजवर बोलावून ते गाणं घ्यायला लावावं लागलं.

११ सप्टेंबर १९८८ रोजी ताल्लिनच्या उत्सवाच्या मैदानावर तीन लाखांच्या आसपास लोक जमले आणि गायले. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. तिथे या सगळ्याला 'गाती क्रांती' म्हणतात. नुसत्या गाण्याने स्वातंत्र्य मिळालं असं मी म्हणत नाही, सोव्हिएत संघ तेव्हा आतूनच मोडत होता. पण एकटं गाणाऱ्याला भीती वाटते आणि सगळ्यांबरोबर गाताना वाटत नाही, एवढं तर आपण प्रत्येकाने अनुभवलंय.

तर मग उत्तर काय?

माझ्या रूममेटने हा लेख वाचून तोंड वाकडं केलं. म्हणाली, "तू त्या रात्रीचा पार लॅब रिपोर्ट करून टाकलास. एम, अ‍ॅपरेटस, ऑब्झर्व्हेशन, कन्क्लूजन!" दोन दिवस मला ते लागलं. खरंच का आपण समजून घेतलं की ती गोष्ट मरते?

मग एका संध्याकाळी आम्ही पुन्हा जिन्यात बसलो, मुद्दाम. मी मनात म्हटलं, आता मला माहितेय, हे २५२ आहे, हे २५१, आता सरकेल. आणि सरकलं. आणि पुन्हा अंगावर काटा आला, अगदी तसाच. आकडे माहीत असल्याने काही कमी झालं नाही. उलट मला आता कळत होतं की त्या दोन हर्ट्झमध्ये काय चाललंय. रूममेट माझ्यासाठी सरकतेय आणि मी तिच्यासाठी. दोघींपैकी एकीने जरी हट्ट धरला असता तरी ती थरथर थांबली नसती.

मी का रडले, याचं माझं उत्तर असं. त्या मुलीला आम्ही कुणी काही समजावू शकलो नाही, पण आमचे सूर एकमेकांना जागा करून देताना तिने ऐकले, आणि त्यात तिच्यासाठीही जागा आहे हे तिला कळलं असावं. मला ते गाताना कळलं. दुःख कमी झालं नाही, पण आठ तासांची रात्र निघाली. पहाटे पाच वाजता आम्ही तिला रिक्षात बसवलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही गात होतात म्हणून मला रडता आलं." याहून चांगलं कन्क्लूजन माझ्या फाइलमध्ये नाही.

पंधरा दिवसांनी ती परत आली आणि हल्ली 'सा' तीच धरते. तिचा आवाज आमच्यापेक्षा खाली आहे आणि पक्का आहे. एकदा रेक्टर मॅडम आम्हाला गप्प करायला वर आल्या होत्या. दहा मिनिटं कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, मग "साडेदहाला बंद करा हं" एवढंच म्हणून खाली गेल्या. मेसच्या मावशी तर भांडी झाली की पायरीवर येऊन बसतात.

तर मैत्रिणींनो, दर गुरुवारी जेवण झाल्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. (मुलांनी आपला जिना आपण शोधावा, तुमच्या हॉस्टेललाही आहे!) गाणं येत नसलं तरी चालेल. शेजारचीचं ऐकता यायला हवं. मधल्या बर्थची जागा सध्या रिकामी आहे, कारण मला कधीतरी वरची ओळ गाऊन बघायचीये.